हापूसची कोय रुजवली तर हापूस का येत नाही?

मे महिन्यात हापूस खाऊन झाला की घरातलं कुणी ना कुणी एखादी कोय धुऊन कुंडीत रोवतंच. पावसात ती रुजते, तांबूस लुसलुशीत पानं येतात, सगळं छान चाललेलं असतं. जमिनीत लावली तर सात-आठ वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, मोहोर येतो. फळ पिकल्यावर मात्र कळतं की हा हापूस नव्हे. कधी आंबट निघतो, कधी दोऱ्यांचा, नशीब असेल तर चवीला बराही. पण हापूस नाही. कोकणात अशा कोयीच्या झाडांना रायवळ म्हणतात आणि हापूस लावायचा तर कलम आणतात.

कारण कोयीच्या आतच आहे. कोयीतला गर्भ दोन झाडांपासून बनलेला असतो. बीजांड हापूसचं असतं, पण माश्यांनी मोहोरावर आणलेला पराग शेजारच्या पायरीचा असू शकतो, नाहीतर गडग्यापलीकडच्या रायवळाचा. बरं, पराग हापूसचाच असता तरी भागलं नसतं. हापूसच्या प्रत्येक पेशीत जनुकांचे दोन संच असतात आणि ते एकमेकांसारखे नसतात. बीजांड आणि पराग तयार होताना हे संच पत्त्यांच्या जोडासारखे पिसले जातात आणि त्यातले अर्धेच पुढे जातात. त्यामुळे प्रत्येक कोय म्हणजे नवा डाव.

मग पेटीमागून पेटी तोच हापूस बाजारात येतो कसा? कारण हापूसची झाडं एकमेकांची भावंडं नाहीत आणि आई-मुलंही नाहीत. कधीकाळी कुठल्या तरी एका कोयीतून एक झाड उगवलं, त्याचं फळ लोकांना विलक्षण आवडलं, आणि तेव्हापासून त्याच झाडाच्या काड्या दुसऱ्या मुळांवर बसवत माणसं आजवर आली आहेत. देवगडात, रत्नागिरीत, अलिबागेत उभी असलेली हापूसची कलमं म्हणजे ते एकच झाड आहे, तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. ही गोष्ट एकदा नीट पटली की वनस्पतींचं अलैंगिक प्रजनन समजायला फार काही उरत नाही. नर आणि मादी पेशी एकत्र न येता, खोड, मूळ, पान, कंद अशा एखाद्या भागापासून नवं झाड तयार होणं, म्हणजे अलैंगिक प्रजनन. अवयवापासून होतं म्हणून पाठ्यपुस्तकात त्याला शाकीय प्रजननही म्हणतात.

तुकड्यातून अख्खं झाड कसं होतं?

आपल्या शरीरातल्या पेशीने एकदा कातडीचं किंवा स्नायूचं काम धरलं की ती सहसा त्यातून बाहेर पडत नाही. झाडाच्या पेशी याबाबतीत फार मोकळ्या. पानातली पेशी पानाचं काम करत असली तरी अख्खं झाड घडवायची सगळी माहिती तिच्यात शाबूत असते, आणि योग्य परिस्थिती मिळाली तर अशा कितीतरी पेशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू शकतात. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी हा विचार १९०२ साली मांडला. त्यांच्या हयातीत प्रयोगाला यश आलं नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ड यांनी गाजरातल्या पेशी पोषक द्रवात वाढवून त्यांच्यापासून पुन्हा पूर्ण गाजराची रोपं तयार करून दाखवली.

पेशींना कामाला लावतात ती वनस्पतींची संप्रेरकं. त्यांतली दोन लक्षात ठेवावीत, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यांच्यावर चालतं. एक ऑक्सिन. ते शेंड्याकडे तयार होतं आणि खाली उतरत जातं. वाटेतल्या डोळ्यांना ते दाबून ठेवतं, आणि जिथे साचतं तिथे मुळं फुटायला मदत करतं. दुसरं सायटोकायनिन, ते मुख्यतः मुळांकडून येतं आणि कोंब फुटायला चालना देतं. शेंडा खुडल्यावर तुळस डवरते ती यामुळेच: वरून येणारं ऑक्सिन थांबतं आणि बाजूचे डोळे मोकळे होतात.

निसर्गात हे रोज चाललेलं असतं

शेतकऱ्याला अलैंगिक प्रजनन शिकवायला पुस्तक लागत नाही, लव्हाळा पुरतो. हरळीही आहेच, जमिनीलगत पळणाऱ्या तिच्या खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला मुळं फुटतात. पण लव्हाळ्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. वर दिसते ती नुसती पात. खाली काळपट गाठी असतात, बारीक दोरीसारख्या खोडाने एकमेकींना जोडलेल्या, माळेसारख्या लांबत गेलेल्या. या माळेत टोकाकडची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, म्हणून बऱ्याच गाठी जमिनीत नुसत्या पडून असतात. आपण कुळव घातला किंवा खुरप्याने वरवर ओढलं, की माळ तुटते. तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतंत्र कोंब काढते. पावसाळ्यात ओल्या रानात जितकी खुरपणी, तितका लव्हाळा वाढतो, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि कारण हे आहे. उन्हाळ्यातल्या नांगरटीने वर आलेल्या गाठी उन्हात वाळून मरतात, म्हणून तेव्हाची मशागत उपयोगी पडते. तीच मशागत ओलीत केली तर उलट फळ देते.

इंद्रायणी, पवना, पंचगंगा या नद्यांवर पसरणारी जलपर्णीही याच मार्गाने जाते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुलं सुंदर म्हणून आपल्याकडे आणली गेली. आईच्या बुडातून आडवी दांडी निघते, तिच्या टोकाला नवं रोप बसतं, दांडी तुटली की ते वेगळं तरंगायला लागतं. पाण्यात सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद भरपूर असेल, हवा उबदार असेल, तर रोपांची संख्या दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. नुसता हिशेब करून पाहा: दर दोन आठवड्यांनी दुप्पट, म्हणजे चोवीस आठवड्यांत एकाची ४,०९६. म्हणूनच नदीतून जलपर्णी काढताना काठाला थोडी राहिली, तर काढली नाही असंच धरावं. आणि सांडपाणी नदीत सोडणं चालूच ठेवून दरवर्षी जलपर्णी काढण्यावर पैसे घालवणं, यातून नदी कधीच मोकळी होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करून पाहायचं असेल तर पानफुटीसारखं दुसरं रोप नाही. जाडसर, गुळगुळीत पान, कडेला कातरलेलं. त्या प्रत्येक खाचेत एक सुप्त डोळा असतो. पान झाडावर असेपर्यंत झाडाकडून येणारे संदेश या डोळ्यांना बहुधा गप्प ठेवतात. पान तोडून ओल्या मातीवर नुसतं ठेवलं, की काही दिवसांत खाचांमधून आधी पांढरी बारीक मुळं आणि मग दोन-दोन इवली पानं दिसू लागतात. मूळ पान तोवर स्वतःतलं पाणी आणि अन्न पिलांना देत सुरकुतत जातं. एका पानाला दहा-बारा रोपं सहज लागतात. मुलांना हे भिंगातून दाखवावं, चित्रापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

बटाटा, आलं, हळद, सुरण ही जमिनीतली खोडं आहेत, मुळं नव्हेत. त्यांच्यावर डोळे आणि पेरी असतात यावरूनच ते ओळखता येतं. रताळं मात्र खरोखर मूळ आहे. हळदीला पावसाळ्यात देखणं फुल येतं, पण बी धरणं दुर्मीळ, त्यामुळे सांगली असो की वसमत, लागण गड्ड्यांचीच होते. लसूण पाकळीवर चालतो. काश्मिरातलं पांपोरचं केशर तर पूर्ण वांझ आहे. त्याच्या पेशीत जनुकांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यांची समान वाटणी होत नाही आणि बी बनतच नाही. आज जगात आहे तेवढं सगळं केशर कंदांच्या वाटण्या करत माणसाने टिकवलेलं आहे.

वडाची गोष्ट निराळी. पारंब्या जमिनीत शिरल्या की खोड बनतात, आणि मग मूळ खोडाची गरजच राहत नाही. हावड्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड रोगाने पोखरलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं. झाड आजही पसरतंच आहे.

आता एक चकवा. बी आलं म्हणजे लैंगिक प्रजनन झालंच, असं नाही. कागदी लिंबाची एक बी पेरली तर बऱ्याचदा दोन-तीन रोपं उगवतात. त्यातलं एक परागातून झालेलं असू शकतं. बाकीची बीजांडाच्या भोवती असलेल्या आईच्याच पेशींपासून झालेली असतात, म्हणजे हुबेहूब आई. म्हणून कागदी लिंबू बियांपासून लावूनही जात बिघडत नाही, आणि रोपवाटिकेत फार खुरटी किंवा वेगळ्याच पानांची रोपं काढून टाकून एकसारखी जोमदार तेवढी ठेवतात. केरळ आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलूरसारख्या काही आंब्यांतही कोयीतून असेच अनेक कोंब येतात. हापूसच्या कोयीत गर्भ एकच, आणि तो संकराचा. निसर्गाने हापूसला ही सोय दिली असती तर कोकणातल्या कलमं बांधणाऱ्या कुशल हातांची गरजच पडली नसती.

माणसाचा हात

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तुकडा तोडून लावणं. जास्वंद, मोगरा, अंजीर, द्राक्ष, शेवगा हे सगळे काडीवर येतात. काडी मात्र सुलटी लावायला हवी. ऑक्सिन खालच्या दिशेनेच सरकतं, मुळं खालच्या टोकाशी फुटतात, उलटी खोचलेली काडी बहुतेक वाया जाते. म्हणून जाणते माळी काडीचं खालचं टोक तिरपं आणि वरचं सपाट कापतात, म्हणजे ढिगातून उचलताना घोटाळा होत नाही.

महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर तुकड्यांनी लावलं जाणारं पीक ऊस. उसाच्या पेऱ्याशी नीट पाहिलं तर एक डोळा दिसतो आणि कांडीभोवती बारीक ठिपक्यांच्या रांगा. ते ठिपके म्हणजे तयार बसलेली मुळं. ओल मिळाली की आधी ती सुटतात, मग डोळा फुगून कोंब येतो, आणि कोंबाला स्वतःची मुळं आली की कांडीचं काम संपतं. अख्खा ऊस आडवा पुरला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटून बुडख्याकडच्यांना दाबतात, म्हणून दोन-तीन डोळ्यांची टिपरी करतात. बेणं, म्हणजे लावायचा ऊस, नऊ ते अकरा महिन्यांचं, रसरशीत हवं असं सांगतात त्याचंही कारण डोळ्यांतच आहे. जून उसात साखर साठलेली असते, पण डोळे म्हातारे झालेले असतात. आता पुष्कळ जण एकेक डोळा काढून ट्रेमध्ये रोपं करतात, बेण्याची बचत प्रचंड होते. आणि तोडणीनंतर आपोआप येतो तो खोडवा म्हणजे त्याच झाडाचं जमिनीतलं उरलेलं खोड पुन्हा फुटणं.

गुटी ही मला सर्वांत देखणी पद्धत वाटते, कारण झाडाच्या आत काय चालतं ते ती उघडं करून दाखवते. डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. डोळ्याच्या थोडं खाली, अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल कापून अंगठीसारखी काढा. आतलं लाकूड तसंच राहू द्या, फक्त त्यावरचा बुळबुळीत थर खरवडा, नाहीतर साल पुन्हा जुळते. वर ओलं शेवाळ गुंडाळा आणि प्लॅस्टिकने दोन्हीकडून घट्ट बांधा. आता पाणी मुळांकडून वर जातं ते लाकडातून, तो रस्ता चालू आहे, म्हणून फांदी सुकत नाही. पानांनी बनवलेली साखर आणि शेंड्याकडचं ऑक्सिन खाली उतरतात ते सालीतून आणि तिच्या लगतच्या थरातून, तो रस्ता तुटलेला आहे. सगळा माल वरच्या कापाशी येऊन थांबतो. तिथे फुगवटा येतो आणि महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मुळं नेहमी वरच्या कापाला येतात, खालच्या नाही. आयबीए हे ऑक्सिनच्या जातीचं संप्रेरक वरच्या कापाला लावलं तर काम लवकर होतं. मुळं तपकिरी झाली की खालून कापायचं, झालं रोप.

आंब्याला मुळं अशी सहजी येत नाहीत. म्हणून दुसऱ्याची मुळं उसनी घ्यायची, म्हणजेच कलम. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात कलमाच्या या कलेला मोठा जोर मिळाला, मानकुरादसारख्या जाती त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या तशाच्या तशा राहिल्या. पूर्वी भेट कलम करत: कुंडीतलं रोप मोठ्या झाडाजवळ टांगायचं आणि दोघांच्या साली सोलून एकमेकांना बांधून ठेवायच्या. जागा, वेळ, पाणी, सगळंच फार लागायचं. कोकणात आज चालतं ते कोय कलम.

जूनमध्ये रायवळाच्या कोयी वाफ्यात किंवा पिशवीत लावतात. कोंब दहा-पंधरा दिवसांचा, पानं अजून तांबडी, खोड नखाने कापेल इतकं कोवळं, ही वेळ. इकडे हापूसच्या चांगल्या मातृवृक्षावरची तीन-चार महिने वयाची, तितक्याच जाडीची काडी आधीच निवडलेली असते, आणि तिची पानं आठ-दहा दिवस अगोदर देठ ठेवून छाटलेली असतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगून तयार राहतो. कोंबाचा शेंडा उडवायचा, मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची, काडीच्या टोकाला तेवढीच पाचर करून आत सरकवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचं. कसबी माणसाला याला एखादं मिनिट लागतं. चाकू धारदार हवा आणि काप एकाच ओढीत हवा, कारण सालीच्या खाली कॅम्बियम नावाचा अगदी पातळ जिवंत थर असतो आणि दोन्हीकडचे थर एकमेकांना टेकले तरच जोड धरतो. आधी दोन्हीकडून कॅलस नावाच्या मऊ पेशी येऊन फट भरतात, मग त्यांच्यातून पाण्याच्या आणि अन्नाच्या नळ्या जुळतात. तोपर्यंत काडीला पाणी मिळत नाही. ती जगते ती कोकणातल्या जून-ऑगस्टच्या दमट हवेवर, आणि खालचा कोंब जगतो कोयीतल्या साठ्यावर. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत म्हणूनच केशर आंब्याला वेगळी वाट धरतात: खुंटरोप, म्हणजे ज्याची मुळं उसनी घ्यायची ते रोप, शेतातच वाढवून त्याच्या नव्या कोवळ्या फुटीवर मृदुकाष्ठ कलम बांधतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कलमात दोन जाती मिसळत नाहीत. जोडाच्या वर प्रत्येक पेशी हापूसची, खाली प्रत्येक पेशी रायवळाची, झाड शंभर वर्षं जगलं तरी. त्यामुळे जोडाच्या खालून आलेली फूट दिसताच काढायची. ती जोमदार असते, दोन-तीन वर्षांत वरच्या कलमाला मागे टाकते, आणि मग फळ रायवळाचं आलं म्हणून मालक रोपवाटिकेला बोल लावतो. खुंट फळाची जात बदलत नाही, पण पाणी, क्षार, रोग यांच्याशी झाड कसं झुंजतं ते बऱ्याच अंशी खुंट ठरवतो. नाशिक-सांगलीकडे द्राक्षं डॉगरिजसारख्या खुंटावर घेतात ती खारट पाणी आणि कमी पाणी सोसावं म्हणून. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने द्राक्षमळे साफ झाले तेव्हा अमेरिकन खुंटांनीच ते वाचवले. नागपुरी संत्र्यात काडीऐवजी एकच डोळा, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर सालीत टी आकाराचा छेद देऊन भरतात. गुलाबालाही तेच.

कलमाला फळ तीन-चार वर्षांत धरतं, कोयीच्या झाडाला सात-आठ वर्षांहून जास्त, हे सगळ्यांना माहीत असतं. कारण क्वचितच सांगितलं जातं. झाडालाही बाल्य असतं, त्या काळात ते फुलत नाही. हापूसची काडी ज्या झाडावरून येते ते केव्हाच वयात आलेलं असतं, आणि काडी ते वय सोबत घेऊन येते. रोप नवं, पण झाड जुनंच.

नारळाचं कलम मिळेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. नारळाला फांद्या नाहीत, वाढीचा बिंदू एकच, आणि नारळ, केळ, ऊस या एकदल वनस्पतींत खोडाभोवती कॅम्बियमचं कडंही नसतं, जुळवायचं कशाला? केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये बियांतल्या अगदी कोवळ्या अवस्थेत एकदल वनस्पतींचंही कलम जुळतं हे दाखवलं, पण ते अजून प्रयोगशाळेतलं.

बाटलीतली केळी

केळीला बी नाही, कारण केशरासारखेच तिच्यातही तीन संच. बागेत ती मुनव्यांवर, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या पिलांवर, वाढते. त्यातही तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे घ्यायचे, रुंद पानांचे पाणमुनवे टाकायचे. पण एका झाडाला वर्षभरात मोजकेच चांगले मुनवे मिळतात, सगळे एका वयाचे नसतात, आणि मातीतले सूत्रकृमी नि रोग त्यांच्याबरोबर नव्या शेतात जातात. टिश्यू कल्चरने ही अडचण सोडवली.

मुनव्याचे पापुद्रे सोलत गेलं की आत काही मिलिमीटरचा वाढबिंदू मिळतो. तो निर्जंतुक करून साखर, क्षार आणि सायटोकायनिन घातलेल्या जेलीवर ठेवतात. सायटोकायनिन जास्त असल्याने एकाऐवजी अनेक कोंब येतात. ते वेगळे करून नव्या बाटल्यांत, पुन्हा वेगळे करून नव्या बाटल्यांत, असं तीन-चार आठवड्यांच्या फेऱ्यांनी चालतं. हवे तितके झाले की ऑक्सिन देऊन मुळं आणतात, मग आधी दमट आणि नंतर सावलीच्या घरात हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. फेऱ्या मात्र सात-आठच्या पुढे नेऊ नयेत, कारण पुढे विचित्र, बुटकी रोपं निघू लागतात. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे ग्रँड नैन या केळीच्या बागा एकाच वेळी कापणीला येतात त्यामागे हे तंत्र आहे.

पण टिश्यू कल्चर म्हणजे विषाणूमुक्त, हे समीकरण चुकीचं आहे. बाटलीत बुरशी आणि जिवाणू राहत नाहीत, विषाणू पेशीतच असतो, तो आरामात लाखो रोपांत जातो. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियाच्या टोकाचा सूक्ष्म भाग वाढवून विषाणूविरहित झाडं मिळवली, कारण अगदी टोकाशी विषाणू फारसा पोचलेला नसतो. तरीही मातृझाडाची तपासणी टाळता येत नाही.

या तंत्रातला एक मोठा शोध पुण्याचा आहे. बांबू कित्येक वर्षांनी एकदाच फुलतो. बेटातून काढलेला कंद दुसरीकडे लावला तरी तो मूळ बेटाच्याच वेळेला फुलतो, वय सोबत जातं ते इथेही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी बांबूच्या रोपांपासून केलेल्या टिश्यू कल्चरमध्ये काही महिन्यांतच फुलं आणि बी आणून दाखवलं. १९९० साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं.

एकसारखेपणाची किंमत

एकच झाड लाखो ठिकाणी उभं असेल तर त्याचे गुण लाखो ठिकाणी असतात आणि दोषही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे बाहेरून निर्दोष फळाच्या आत पांढरट, बेचव गर निघतो. हा कल हापूसच्या वंशातच आहे, म्हणून कलम कुठूनही आणा, तो सोबत येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये रत्ना ही साका न होणारी जात दिली, म्हणजे दोष घालवायला शेवटी परागाकडे आणि कोयीकडेच जावं लागलं.

रोगाच्या बाबतीत ही किंमत भयंकर होऊ शकते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा आला. गरिबांच्या शेतात लंपर नावाची एकच जात होती, एक झाड बळी पडलं म्हणजे सगळीच पडणार होती. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. दोष एकट्या बटाट्याचा नव्हता, ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही होता, पण सुरुवात तिथून झाली. विसाव्या शतकात ग्रो मिशेल ही जगाच्या बाजारातली केळी पनामा मर रोगाने संपली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गट आला. ग्रँड नैन त्याच गटातली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहारमध्ये सापडलेला आहे. उत्तर प्रदेशात को ०२३८ या उसाच्या एकाच जातीने बहुतेक क्षेत्र व्यापलं, आणि मग लाल कुज हा रोग तिच्यावर तुटून पडला. आपल्याकडे को ८६०३२ वर्षानुवर्षं राज्य करते आहे. ती गुणी जात आहे, पण एकाच जातीवर इतका भरवसा ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

रोग लागण सामग्रीतूनही प्रवास करतो. डाळिंबावरचा तेल्या हा डागांचा रोग आजारी बागेतल्या गुटींबरोबर गावोगाव गेला. उसाचा गवताळ वाढ हा रोग बेण्यातून पुढे जातो, म्हणून मूलभूत बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवतात. डोळा तेवढं सोसतो, रोगाचा जंतू सोसत नाही.

तरीही या एकसारखेपणात निसर्ग अधूनमधून फट पाडतो. एखाद्या डोळ्यातल्या पेशीत जनुकीय बदल होतो आणि एकच फांदी वेगळी फळं देऊ लागते. तासगाव भागात वसंतराव आर्वे यांना थॉम्पसन द्राक्षाच्या मळ्यात असा वेगळा वेल दिसला, त्यांनी तो जपून वाढवला, तीच तास-ए-गणेश. पेपरात नाव येणारे शोध प्रयोगशाळेतच लागतात असं नाही, बागेत रोज हिंडणाऱ्या डोळस बागायतदारालाही लागतात. बियांतून झालेल्या निवडीही आहेतच: पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये निवडलेलं गणेश डाळिंब हे एका बियाणरोपाचंच भाग्य, पुढचा विस्तार गुटीने झाला. कोइमतूरला १९१२ पासून उसाचे संकर होतात ते तिथे उसाला तुरा आणि बी चांगलं धरतं म्हणून. नवी जात बियांतून मिळते, ती जशीच्या तशी टिकते तुकड्यांतून. दोन्ही वाटा लागतात.

रोप घेताना म्हणून त्याच्या उंचीपेक्षा आधी मातृवृक्षाची चौकशी करावी. कलम असेल तर काडी कुठल्या झाडाची, त्याला दरवर्षी फळ येतं की वर्षाआड, जोड गुळगुळीत आहे की सुजलेला. केळी असेल तर मातृझाडाची विषाणू तपासणी झाल्याचा दाखला. ऊस असेल तर गाळपाच्या फडातला नव्हे, बेणेमळ्यातला. आणि डाळिंबाची गुटी घ्यायची असेल तर ज्या बागेतून ती येणार ती बाग भर पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहावी, कारण तेल्याचे डाग दमट हवेत ठळक दिसतात, उन्हाळ्यात तीच झाडं निरोगी वाटू शकतात.